गच्चीवर पाणी थांबू देऊ नका

घर बांधायचे म्हणजे कष्टकरी माणसाची सारी कमाई त्यात जाते. निवृत्तीचा फंड, पतपेढीचे कर्ज, घरच्या बाईचे दोन डाग, सगळे एका स्लॅबमध्ये ओतलेले असते. पत्रे जाऊन स्लॅब आला की गळतीची कटकट कायमची मिटली, असे आपण धरून चालतो. मग पाच-सात पावसाळे जातात आणि पलंगावरच्या छताला पिवळा डाग पडतो.

वाचक बंधू-भगिनींनो, स्लॅबचे काम भार पेलण्याचे आहे. पाणी अडवण्याचे काम त्याच्यावरच्या थराचे आणि पाणी घालवण्याचे काम उताराचे. म्हणून गच्ची दिसायला सपाट असली तरी ती खरोखर सपाट असता कामा नये. शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच एवढा तरी उतार पाइपाच्या तोंडाकडे हवाच. आपल्याकडे हा उतार विटांच्या तुकड्यांचा कोबा करून देतात. कोबा आणि कठड्याची भिंत जिथे मिळते तिथे काटकोन न ठेवता मिस्त्रीकडून गोलाई काढून घ्यावी. पुष्कळदा पाणी याच सांध्यातून आत शिरते. कोबा पक्का झाला की पाइपांची तोंडे बुजवून गच्चीत दोन इंच पाणी दोन-तीन दिवस भरून ठेवावे आणि खालून छत बघत राहावे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. तो कुरकुर करील, करू द्यावी.

आपल्या वस्त्यांतल्या घरांवर एक गोष्ट हमखास दिसते. मुलगा कमावता झाला की वर मजला चढवू, या आशेने खांबांच्या सळया उघड्या सोडलेल्या असतात. तो दिवस लवकर येत नाही. सळया मात्र दर पावसाळ्याला गंजत जातात आणि सळईच्या कडेने पाणी खांबात उतरते. अशा सळया तारेच्या ब्रशने घासून त्यांना सिमेंटचा दाट लेप द्यावा, नाहीतर कमी सिमेंटच्या मालात त्या झाकून टाकाव्यात. मजला चढवायच्या वेळी तो माल फोडता येतो.

गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा घेते. ते फुगले की काँक्रीट तडकते आणि छताचा खपला खाली येतो. खाली पाळणा असतो, पोरे अभ्यासाला बसलेली असतात. म्हणून डाग दिसला की रंग मारून तो झाकू नका. बाजूला उभे राहून लांब काठीने छत हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथले अंथरूण त्याच दिवशी हलवा. सळई उघडी पडली असेल तर नुसत्या प्लॅस्टरने भागत नाही, आतला गंज काढावा लागतो. अशा वेळी इंजिनिअरला दाखवा. त्याची फी नव्या स्लॅबच्या मानाने किरकोळ असते.

गळले की वर आणखी एक थर टाकायचा, ही आपली दुसरी खोड. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंच माल चढवला की जवळजवळ अर्धा टन वजन वाढते. दोनदा-तीनदा असे केले तर स्लॅबने काय करावे? जुना सुटलेला कोबा आधी काढावा, मगच नवा घालावा. पाण्याच्या टाकीचेही तसेच. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचेच एक टन होते. ती खोलीच्या मधोमध न ठेवता खाली खांब किंवा बीम असेल तिथे ठेवावी. बाजारात मिळणारे रंगासारखे लेप केसाएवढ्या भेगांना ठीक असतात, तेही गच्ची स्वच्छ आणि कोरडी असेल तर. उतार नसलेल्या गच्चीवर त्यांचे पैसे वाया जातात.

कठड्याच्या भेगेत पिंपळाचे रोप उगवते. आपल्या घरांत ते उपटायला हात धजत नाही. पण त्याची मुळे भेग रुंदावतात. रोप चार बोटांचे असतानाच मुळासकट काढावे आणि विहाराच्या आवारात किंवा मोकळ्या जागेत लावावे. तिथे ते वाढेल.

हे सारे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकावे. उन्हाचे दिवस असल्याने नव्या कोब्यावर निदान सात दिवस पाणी राहील असे बघावे. जूनच्या तोंडावर पाइपाची तोंडे, जाळी, पालापाचोळा साफ करावा. या कामाला मिस्त्री लागत नाही.

सोसायटीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना बहुधा ऐकावे लागते, “तुमच्या घरात गळते, तुम्ही बघा.” हे खरे नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती यांचा खर्च संस्थेने करायचा आहे. स्वतःच्या न्हाणीघरातली गळती तेवढी सभासदाची. तेव्हा सेक्रेटरीला जिन्यात गाठून तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.