संयम किती तासांचा?

'हस्की, नर, दीड वर्ष, स्वभावाने प्रेमळ. संयमी घर हवं.' असा मेसेज मांजर्लीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की दहा मिनिटांत खाली डोळ्यांत बदाम असलेल्या इमोजींची रांग लागते. 'फ्री आहे का?' 'डोळे निळे आहेत का?' 'संयमी' म्हणजे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं भांडण त्या न विचारण्याशी आहे.

ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांनी स्लेज ओढण्यासाठी घडवलेल्या कुत्र्यांचा हा वंश. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचं औषध बर्फातून हजारभर किलोमीटर अशाच कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने पोचवलं. धावणं हा त्यांचा छंद नाही, नोकरी होती. आणि आपण त्याला वन बीएचकेत कोंडून सकाळी सहाची लोकल पकडतो. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. परतेपर्यंत रात्रीचे साडेआठ. तोवर त्याने सोफा फाडलेला असतो, मग आपण म्हणतो, हा फारच हट्टी आहे बुवा.

बरं, घरून काम करणाऱ्यांचं काय? मी त्यातलाच. लोकांना वाटतं, लॅपटॉप घरात म्हणजे माणूस मोकळा. पण हस्की भुंकण्यापेक्षा गळा काढण्यात पटाईत, आणि म्यूटचं बटण शेजाऱ्यांसाठी नसतं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितलंय. ते खरंच. पण नियम आपल्या बाजूने असला म्हणून भिंती जाड होत नाहीत.

त्यात इथला उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही, धापा टाकून गार होतो. हवा दमट असली की तेही नीट जमत नाही. 'केस काढून टाकू' हा सल्ला हमखास येतो. काढू नका. त्या दुहेरी कोटाचा बाहेरचा थर उन्हापासूनही वाचवतो. आणि पावसाळ्यात आतली लोकर ओली राहिली की कातडीचे आजार. म्हणजे फिरायला नेणं सूर्य उगवायच्या आत, दुपारी एसी, पावसात रोज पुसणं-वाळवणं. उल्हास नदीच्या काठी मोकळा सोडू, हे तर विसराच. पट्टा सुटलेला हस्की हाकेला परत येईल, या भरवशावर राहू नये.

मग हा इथे आलाच कसा? विकत घेतला म्हणून. गेम ऑफ थ्रोन्स बघून लोकांनी इतके हस्की घेतले आणि सोडले, की २०१७ मध्ये त्यातल्याच पीटर डिंक्लेजला 'घेऊ नका' असं आवाहन करावं लागलं. आपल्याकडे सोडणाऱ्याला भीती कशाची? प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव आणि एक चहा.

मला जास्त राग येतो तो दत्तकाच्या नावाखाली फुकट ब्रँड शोधणाऱ्यांचा. मांजर्लीच्या कुठल्याही गल्लीत गावठी पिल्लं आहेत, इथल्या हवेला सरावलेली. त्यांच्यासाठी बदाम दिसत नाहीत. 'कुत्र्याला घर द्यायचंय' आणि 'हस्की हवाय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

यावर एक ताई म्हणाल्या, "एवढ्या अटी घातल्यास तर कोणी घेणारच नाही रे." घेणारे कमी होतील, मान्य. पण दोन महिन्यांनी परत येणाऱ्या हस्कीला पुढचं घर मिळणं आणखी अवघड, कारण तोवर त्याच्या नावापुढे 'चावतो', 'ऐकत नाही' लागलेलं असतं. आत्ताच नाही म्हणणारा माणूस त्याचं कमी नुकसान करतो.

त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्यांना विनंती, 'संयमी' हा शब्द काढा. लिहा: 'दिवसातून चार तासांपेक्षा जास्त एकटा राहणार नाही. पहाटे पाचला आणि रात्री, दोन्ही वेळा कोण फिरवणार त्याचं नाव द्या. एसीचं बिल कोण भरणार तेही. घरातल्या सगळ्यांशी बोलल्याशिवाय कुत्रा दिला जाणार नाही.'