मरहूम व्यापाऱ्याची आठवण कशी ठेवावी?

आपल्या बिरादरीत एखाद्या जुन्या व्यापाऱ्याचा इंतिकाल झाला की जनाज्याला गर्दी लोटते, तिसऱ्या दिवशी जियारत होते आणि एखाद्या पत्रात चार ओळी छापून येतात. 'मरहूम मनमिळाऊ व दानशूर होते. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, नातवंडे असा मोठा परिवार आहे.' नाव बदलले तर हाच मजकूर कोणालाही चालेल! मरहूमांनी पन्नास वर्षे कोणता माल बनविला, कसा बनविला, कोणाला शिकविले, याबद्दल त्यात एक अक्षर नसते. ही चूक आपल्याला महागात पडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिरजेचेच पाहा. तेथील शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारीची मागणी घटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला आणि त्यातून सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा राहिला. पुढे घराण्याचे आडनावच 'सतारमेकर' झाले. धंदा बसला म्हणून फरीदसाहेब हात बांधून बसले नाहीत. हातातले कसब त्यांनी दुसरीकडे लावले आणि पुढच्या पिढ्यांना रोजी मिळवून दिली. आज ज्यांचे पिढीजात काम बंद पडले आहे, त्या आपल्या तरुणांना याहून उपयोगी गोष्ट कोणती सांगणार? पण मिरजेबाहेर आपल्या किती दुकानदारांना हे नाव ठाऊक आहे, विचारून पाहा.

या कामात भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा लागतो. पुरुषी तंबोऱ्याला मोठा, जनानी तंबोऱ्याला त्याहून लहान. हे कोणीही सांगेल. जवारीचे तसे नाही. घोडीचा माथा कानशीने जरा जरा घासायचा, तार लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. किती घासायचे ते कानाला कळते, मापपट्टीला नाही. जवळ बसून शिकणारा कोणी नसेल तर ते कसब म्हाताऱ्याबरोबरच कबरीत जाते. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे, परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते. हात तयार करणे आपल्यालाच भाग आहे.

छोट्या कारागिराचे घर आणि कारखाना बहुधा एकच. बायको-मुलांचे हात त्या मालाला लागलेले असतात. तेही कोणी लिहीत नाही.

आणि हिशेबाचे काय? देण्याघेण्याची लिखापढी करा, असा सूरे बकराच्या 282 व्या आयतीत साफ हुकूम आहे. मरहूमाचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांत वाटणी होत नाही, हेही सर्वांना माहीत. तरी आपल्या वडीलधाऱ्यांची निम्मी उधारी डोक्यात असते! डोळे मिटले की येणे बुडते, देणेकरी दारात उभे राहतात आणि भाऊ-भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.

म्हणून येत्या जुम्याला नमाजनंतर एक कोरी वही घेऊन अब्बांजवळ तासभर बसा. उधारीपासून सुरुवात करू नका, रागावतील. पहिला माल किती रुपयांना विकला आणि ते पैसे कोणाच्या हातावर ठेवले, एवढे विचारा. बाकीचे ते स्वतःहून सांगतील.