नेमणूकपत्र आणि सौदाशक्ती

संगणक-अभियंत्याची नोकरी शोधणाऱ्या तरुणांना अलीकडे एक उपदेश सर्रास केला जातो. पगाराचा आकडा आधी आपण बोलू नये, पहिल्या देकाराला लगेच होकार देऊ नये, दुसऱ्या कंपनीचे पत्र हाती असेल तरच ताणून धरावे, आणि आवाजात आर्जव येऊ देऊ नये. उपदेश चुकीचा नाही. आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या, एखाद्या दुर्मीळ कामात वाकबगार अभियंत्याला त्याचा उपयोग होतोही. परंतु त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीचे पक्ष बसले आहेत, आणि फरक असलाच तर तो बोलण्याच्या चातुर्याचा, हे ते गृहीतक. ते तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम आकडाच घेऊ. हिंजवडी किंवा खराडीतील एखादी कंपनी वर्षाला सहा लाखांचे ‘पॅकेज’ देऊ करते. घरी आनंद होतो, महिना पन्नास हजार असा हिशेब मांडला जातो. वस्तुतः हा पगार नव्हे, कंपनीला पडणारा एकूण खर्च होय. मूळ वेतन तीन लाख धरले, तर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील १२ टक्क्यांचा वाटा, म्हणजे ३६ हजार, याच सहा लाखांत मोजलेला असतो. उपदानाचे सुमारे साडेचौदा हजारही त्यातच. आणि कायम नोकराने पाच वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सोडली, तर सहसा ते त्याच्या हाती पडत नाहीत. दहा टक्के रक्कम ‘कामगिरीनुसार’, म्हणजे कंपनीच्या मर्जीनुसार. उरलेल्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हप्ता आणि व्यवसाय कर वजा जाता महिन्याला सुमारे साडेसदतीस हजार हातात येतात. ज्या आकड्यावर घासाघीस करायची, त्या आकड्याचा अर्थच एका पक्षाने ठरवलेला असतो.

मग प्रश्न येतो माहितीचा. त्या पदासाठी किमान किती व कमाल किती द्यायचे, हे कंपनीच्या कागदावर आधीच लिहिलेले असते. उमेदवाराला ते सांगितले जात नाही. उलट त्याच्याकडे मात्र मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या जातात. एकाने आपले पत्ते उघडे करून खेळावे आणि दुसऱ्याने झाकून, याला वाटाघाट म्हणण्याची आता रीतच पडली आहे. नवा पगार बहुधा जुन्यावर अमुक टक्के वाढ देऊन ठरतो, कामाच्या मोलावरून नव्हे. त्यामुळे महाविद्यालयाच्या आवारात, बाविसाव्या वर्षी, घरच्या कर्जाच्या काळजीने स्वीकारलेला आकडा पुढे दहा वर्षे पाठलाग करतो. ज्या मुलीने पहिल्या वेळी कमी घेतले, तिला प्रत्येक वेळी कमीच मिळते. मोठ्या कंपन्यांत नवागताचा वार्षिक मोबदला दशकाहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिला. त्याच काळात २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या उत्तरार्धात १९० च्या पुढे गेला. या घसरणीला लाखो तरुणांचे संभाषणकौशल्य जबाबदार आहे काय?

सौद्यात खरी ताकद थांबू शकणाऱ्याची असते. हे सांगायला समाजवादी असावे लागत नाही; ॲडम स्मिथने १७७६ साली हेच लिहून ठेवले आहे. मालक वर्षभर थांबू शकतो, मजूर आठवडाभरही नाही, आणि मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांची एक अबोल जूट नेहमीच असते, असे त्याचे निरीक्षण होते. आमच्या अभियंत्याचे थांबणे आणखी एका अटीने आखडले आहे, ती म्हणजे नव्वद दिवसांची पूर्वसूचना. नवी कंपनी म्हणते महिन्यात रुजू व्हा, जुनी म्हणते तीन महिने सोडत नाही. म्हणून बरेच जण आधी राजीनामा देतात आणि मग नोकरी शोधतात, म्हणजे पाठीमागची वाट स्वतःच बंद करून सौद्याला बसतात. नेमणूकपत्र हाती आले तरी ते दोघांना सारखे बांधत नाही. २०२३ च्या आरंभी एका बड्या कंपनीने वर्षाला साडेसहा लाखांचा देकार दिलेल्या, महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल काय, अशी विचारणा केली. उमेदवाराने दिलेला शब्द फिरवला की ती बेशिस्त ठरते. कंपनीने फिरवला की ती बाजाराची परिस्थिती.

बाजार मुक्त आहे, नको असेल तर दुसरीकडे जावे, असे यावर उत्तर येईल. या मुक्त बाजाराची माहेरघर असलेली सिलिकॉन व्हॅली पाहावी. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्युट आणि पिक्सार या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याने सप्टेंबर २०१० मध्ये दावा दाखल केला. एकमेकींच्या अभियंत्यांना नोकरीसाठी आपणहून विचारायचे नाही, असे त्यांचे आपसांत ठरले होते. पुढे सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने दावा चालला. चार कंपन्यांची ३२.४५ कोटी डॉलरची तडजोड अपुरी म्हणून न्यायाधीशांनी २०१४ मध्ये फेटाळली, आणि २०१५ मध्ये ४१.५ कोटींवर ते प्रकरण मिटले. जगातील सर्वांत कुशल समजल्या जाणाऱ्या अभियंत्यांनी त्या वर्षांत कितीही हुशारीने बोलणी केली असती, तरी जो फोन यायचाच नव्हता तो आला नसता.

मुंबईच्या गिरण्यांतील वेतनांचे प्रमाणीकरण औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने झाले. साचेवाल्याला इंग्रजी येत नसे, पण शेजारच्या गिरणीत त्याच कामाला काय दर आहे हे त्याला ठाऊक असे. इंग्रजीत सफाईने बोलणाऱ्या आजच्या अभियंत्याला शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचा पगार ठाऊक नसतो, आणि तो विचारणे असभ्य आहे असे त्याला शिकवले गेले आहे. आपण कामगार नव्हे, ‘व्यावसायिक’ आहोत, या समजुतीची त्याने दिलेली ही किंमत आहे. कर्नाटकात २०१७ साली या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना नोंदली गेली, हे खरे. पण पन्नास लाखांहून अधिक माणसे जिथे राबतात तिथे ही सुरुवात फारच लहान आहे.

संघटना उभी राहीपर्यंत कायद्याने करण्याजोगे बरेच आहे, आणि ते अन्यत्र झालेलेही आहे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला मागील पगार विचारता येत नाही. कोलोरॅडोने २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून जाहिरातीतच वेतनाची किमान-कमाल मर्यादा छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले. पत्रापूर्वीच्या बोलणीबद्दल त्या मौन पाळतात. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा मात्र महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा स्वतःचा आहे. जाहिरातीत पगाराची मर्यादा, मागील पगारपावती मागण्यास मनाई आणि पूर्वसूचनेस तीस दिवसांची कमाल मर्यादा, एवढी तीन कलमे त्यात घालण्याचे विधेयक विरोधी बाकांवरील एखाद्या सदस्यालाही येत्या अधिवेशनात मांडता येईल.