चामड्याचा विटाळ

जुन्या बाजारातली चामड्याची पर्स मी घरी साफ करते, म्हणून आमच्या सुशिक्षित भगिनी नाक मुरडतात. ‘कुणाची वापरलेली, त्यातून कातडे!’ आणि त्यांच्या स्वतःच्या खांद्याला काय? रेक्झिन! कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. चार पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात, मग ब्रह्मदेवालाही ते बसवता येत नाहीत. चामड्याचे तसे नाही. बुरशी कोरड्या फडक्याने झटकावी, मग किंचित ओलसर फडके फिरवावे, सावलीत वाळवावे (उन्हात ते तडकते), नंतर चामड्याचे क्रीम अगदी पातळ चोळावे. खोबरेल नको, डाग पडतात.

उसवलेली शिवण मात्र चांभारदादांनीच घालावी. खरी गोम इथेच आहे. परदेशी क्रीमच्या डबीला मुकाट्याने पाचशे मोजणाऱ्या बायका नाक्यावर दहा रुपयांसाठी हुज्जत घालतात. क्रीम चोळणे हा छंद, टाका घालणे हा हलका धंदा! राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली म्हणे. माझ्या वर्गातली मुले श्रमप्रतिष्ठेवर सुरेख निबंध लिहितात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आया दुरुस्तीची पर्स त्या माणसाच्या हातात देत नाहीत, त्याच्यापुढे जमिनीवर ठेवतात.