नाते लिहिले, ते निभावले जाते का?

मॉडेलमध्ये 'हॅज मेनी' किंवा 'बिलाँग्ज टू' अशी एक ओळ लिहिली की दोन टेबलांचे नाते जुळले, असे अनेक प्रोग्रॅमर मानतात. माझे मत असे की ती ओळ म्हणजे फक्त जाहीर केलेला इरादा आहे. तो पाळला जातो की नाही, हे टेस्ट लिहून पाहावे लागते, आणि अॅप जितके छोटे तितकी ही गरज जास्त.

रुबी भाषेत वेब अॅप करायचे तर 'रेल्स' २००४ पासून आहे. ते सगळा संसार बरोबर घेऊन येते. २००७ साली आलेले 'सिनात्रा' मात्र मोजक्या सामानात भागवते. डेटाबेससाठी त्याला रेल्समधलाच 'अॅक्टिव्ह रेकॉर्ड' जोडता येतो. इथेच एक गोष्ट नजरेतून सुटते. रेल्स ५ पासून, म्हणजे २०१६ पासून, नव्या अॅपमध्ये 'बिलाँग्ज टू' सक्तीचे असते. मालकाशिवाय नोंद सेव्ह होत नाही. पण ही सक्ती रेल्सच्या सेटिंगमधून येते. अॅक्टिव्ह रेकॉर्ड एकटाच सिनात्रात आणला की ती मागे राहते आणि आपल्याला स्वतः चालू करावी लागते. ओळ तीच, संरक्षण मात्र नाही.

समजा, मोहल्ल्यातल्या वाचनालयासाठी असे अॅप केले. मॉडेल तीन: सभासद, पुस्तक आणि देवघेव. मी तीन गोष्टी तपासायला सांगेन.

पहिली, सभासदाशिवाय देवघेव सेव्ह करून पाहा. ती नाकारली गेली पाहिजे.

दुसरी, ज्याच्याकडे पुस्तक बाकी आहे असा सभासद काढून पाहा. 'डिपेंडंट' पर्याय दिला नसेल आणि डेटाबेसमध्येही अडसर नसेल, तर सभासद जातो आणि त्याची नोंद बेवारस उरते. 'डिस्ट्रॉय' दिला तर नोंदही जाते, मग पुस्तक कोणाकडे आहे हे कोण सांगणार? इथे काढूच न देणारा 'रिस्ट्रिक्ट विथ एरर' मला योग्य वाटतो. पण हा निर्णय वाचनालयाचा आहे. टेस्ट लिहायला बसलो की हा प्रश्न त्यांना विचारावाच लागतो.

तिसरी, तोच सभासद 'डिलीट'ने काढून पाहा. ही पद्धत मॉडेलचे कॉलबॅक ओलांडून थेट डेटाबेसशी बोलते, त्यामुळे 'डिपेंडंट' तिथे कामी येत नाही. तिथे अडवणार ती डेटाबेसमधली 'फॉरेन की'. ती आहे ना, हेही टेस्टनेच कळावे.

यावर काही जण म्हणतात, अॅक्टिव्ह रेकॉर्ड त्याच्या लेखकांनी तपासलेलाच आहे, आपण पुन्हा कशाला? त्यांचे अर्धे बरोबर आहे. 'हॅज मेनी लिहिले आहे का' एवढेच पाहणारी टेस्ट म्हणजे तीच ओळ दोनदा लिहिणे, तिचा मीही आग्रह धरत नाही. पण बाकीदार सभासदाचे काय करायचे, हा नियम आपला आहे. तो दुसऱ्या कोणी तपासलेला नाही.

वेग वाढवण्यासाठी खोटा डेटाबेस उभा करणेही मला पटत नाही. प्रत्यक्ष वापरात जो डेटाबेस असेल, त्यावरच टेस्ट चालवावी. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करावा. रेल्समध्ये ही सोय तयार मिळते, सिनात्रात ती चार ओळींत लिहावी लागते. आणि पडताळण्यापूर्वी 'रीलोड' करावे, नाहीतर आपण मेमरीतली जुनी प्रत पाहून समाधान मानतो.

छोट्या संस्थेत तंत्रज्ञांची फौज नसते. 'मी पुस्तक परत केले आहे, माझी अनामत द्या,' असे सभासद म्हणतो तेव्हा टेबलाशी बसलेल्या कार्यकर्त्याकडे पडद्यावरच्या नोंदीखेरीज दुसरा पुरावा नसतो. नोंद बेवारस झाली असेल तर खरे बोलणारा माणूस खोटा ठरतो. तीन छोट्या टेस्टनी हे टळत असेल, तर त्या पहिल्याच आठवड्यात लिहाव्यात.