लाखोळीचा कस

धानाची कापणी तोंडावर असते, बांधी अजून ओली असते, आणि त्या उभ्या धानातच लाखोळी फेकली जाते. तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्यापासून थेट गडचिरोलीपर्यंत पूर्व विदर्भाची ही जुनी रीत. ना नांगरट, ना पाणी. गरिबाच्या ताटात डाळ येते ती अशी.

याच डाळीच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली. कारण खरे होते: महिनोन्‌महिने मुख्यतः लाखोळीवरच जगणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आदिगा आणि सर्मा यांनी तिच्यातले विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. आयोडिनने पिष्टाचा निळा, मोरचूद व अल्कलीने प्रथिनाचा जांभळा रंग लाखोळीला येतो, तसाच तुरीलाही येतो. शाळेतल्या या परीक्षांना ते विष सापडत नाही. त्यासाठी राव यांनी १९७८ साली पद्धत दिली: अर्क अल्कलीत उकळायचा, रसायन घालायचे आणि येणारा पिवळा रंग यंत्रावर मोजायचा.

महाराष्ट्राने २००८ साली बंदी उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी विषाचे वाणही आले. पण पोत्यातली डाळ कोणत्या वाणाची, हे डोळ्यांना कळत नाही. बंदी सरसकट होती, मोकळीकही सरसकट. विष मात्र वाणागणिक, जमिनीगणिक बदलते. पेरणारा तोच, खाणाराही तोच.

सोनाराकडे कसोटीचा दगड असतो. लाखोळीच्या पोत्यापाशी, गावच्या बाजारात, तो असावा हे मागणे फार आहे काय?