दहिसरपलीकडचे नागरिक

बेव्हर्ली पार्क नावाची एक वस्ती लॉस एंजेलिस येथे आहे व तीत चित्रपटसृष्टीतील धनिक राहतात. त्याच नावाची दुसरी वस्ती आमच्या मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस आहे. तीत राहणारे लोक अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि गोरेगाव-मालाडच्या संगणकी कचेऱ्यांत नोकरी करतात; पाण्याची वेळ सांभाळतात व मग लोकल गाठतात. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे!

सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र १९७३ साली निघाले, तेव्हा या नव्या धंद्यातील माणसे राहणार कोठे, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. पुढे तो विचार बाजारभावाने केला. मुंबईत घर घेणे ज्याला झेपेना, तो दहिसरचा नाका ओलांडून मिठागरांच्या मुलखात आला. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती; २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. आधी इमारती, मग माणसे आणि सर्वांत शेवटी पाणी, असा क्रम येथे पडला आहे.

पाण्याचीच गोष्ट घ्या. तानसा व भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातली, मीरा-भाईंदरही त्याच जिल्ह्यातले. पण त्या धरणांचे पाणी मुंबईकरांसाठी. या शहराला आपले धरण नाही, म्हणून त्याने उल्हास नदीचे पाणी दुसऱ्यांकडून विकत घेतले. आता भिस्त सूर्या योजनेवर आहे. तिच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरांपैकी २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरच्या वाट्याचे धरले आहेत. परंतु सूर्येचे पाणी पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीसाठी अडविले होते, आणि ते शहराकडे वळविण्यास तेथे विरोध झाला, हे आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनी नळ सोडताना विसरू नये.

प्रवासाची तऱ्हा निराळी नाही. विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला पाय ठेवणे कठीण, म्हणून कित्येक जण मुंबईला जाण्यासाठी आधी उलटे भाईंदरला जातात! दहिसर-भाईंदर मेट्रोचे काम हाती घेतले गेले ते २०१९ साली, वस्ती वाढून गेल्यावर. आणि याबद्दल जाब विचारावा कोणाला? महानगरपालिकेची २०१७ नंतरची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधली काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुंबईच्या सभागृहात तर या लोकांना मतच नाही, जरी त्यांचा दिवस मुंबईत जातो आणि त्यांच्या श्रमावर मुंबईच्या कचेऱ्या चालतात.

नवनिर्वाचित सभागृहाने पहिली गोष्ट करावी ती ही, की पुरेसे पाणी प्रत्यक्ष नळाला आल्याखेरीज नव्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. बांधकाम व्यावसायिक ओरड करतील, करोत. दुसरी मागणी सरकारकडे आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वांद्रे-कुर्ला संकुलातील भूखंडांवर मोठा पैसा उभारला. तो जमिनीचा जितका आहे, तितकाच तेथे रोज उपनगरांतून येणाऱ्या माणसांच्या कामाचा आहे. त्यातील ठरावीक हिस्सा दहिसरपलीकडील पाणी आणि वाहतूक यांसाठी कायद्याने राखून ठेवावा व त्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे मांडावा.